हवेतली शेती

व्यायामाने माणसाची प्रकृती सुधारते की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण व्यायामाने माणसाची चौकशी होते, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. माझी दोनदा झाली. एकदा उभ्याने आणि एकदा वाकून.

सुरुवात अगदी साधी होती. छप्पन्न सालच्या दिवाळीत माझ्या कोटाचं मधलं बटण लागेना. मी शिंप्यावर संशय घेतला, मग धोब्यावर घेतला. त्यावर सुमती, म्हणजे आमची ही, शांतपणे म्हणाली, "कोट वर्षभर पेटीत होता. बाहेर तुम्ही होता." हा टोमणा जिव्हारी लागून मी दुसऱ्याच दिवशी पहाटे गॅलरीत बैठका काढायला सुरुवात केली.

आमची चाळ डोंबिवलीतल्या त्या वेळच्या कुठल्याही चाळीसारखी होती. वर मंगलोरी कौलं, मध्ये लाकडी तक्तपोशी आणि सगळीकडे सावध शेजारी. मी जेमतेम घामाला लागलो असेन, तोच खालच्या बिऱ्हाडातले विश्रामकाका दिघे हातात चहाचा कप धरून वर आले. काकांची सगळी हयात कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेली होती. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी कोर्ट सोडलं, पण उलटतपासणी सोडली नव्हती.

"भुस्कुटे, हा पोपडा तुमचा," कपाकडे बोट दाखवून ते म्हणाले. चहात खरोखरच आमच्या जमिनीचा, म्हणजे त्यांच्या छताचा, एक तुकडा तरंगत होता. "वर नक्की काय चाललं होतं?"

"बैठका."

"कुणाबरोबर?"

"एकटाच होतो."

"एकट्याच्या बैठका?" काकांनी डोळे बारीक केले. "आणि त्या इतक्या पहाटे? विषय काय होता?"

विषय माझं पोट हा होता, हे त्यांना पटवून देईपर्यंत त्यांचा चहा निवला आणि माझी व्यायामाची वेळ टळली. तेव्हा मी गॅलरी सोडून उघड्यावर जायचं ठरवलं.

चाळीच्या मागे पाथर्लीच्या बाजूला एक भलंमोठं शेत होतं. भात निघून गेलेलं, जमीन मोकळी, सकाळचं कोवळं ऊन. तिथे उभा राहून मी हात गरागरा फिरवायला लागलो. पण एकट्या माणसाने उघड्यावर हात फिरवणं किती धोक्याचं असतं, हे मला माहीत नव्हतं. दूधवाल्याला वाटलं, मी त्याला बोलावतोय. तो आला, मी बोलावलं नाही म्हटल्यावर रागावून गेला, आणि मी परत हात फिरवला की परत आला. तिसऱ्या सकाळी माझ्या उभं राहण्याच्या जागी कुणीतरी हळदकुंकू लावलेलं लिंबू ठेवून गेलं होतं. म्हणजे मला लागीर झालंय, इथवर गावाचं एकमत झालं होतं.

एकट्याने हात हलवले तर वेड ठरतं, पण दहा जणांनी हलवले तर त्याला उपक्रम म्हणतात, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून मी चाळीत सामुदायिक व्यायामाची कल्पना मांडली. लगेच लोकांनी विचारलं, "तुम्हाला यातून काय मिळणार?" काहीच नाही, हे उत्तर मी दिलं आणि तिथेच चुकलो. काही मिळणार असतं तर लोकांना समजलं असतं. काहीच मिळणार नाही म्हटल्यावर सगळे बेचैन झाले. निवडणुका तोंडावर आल्या होत्या. कुणी म्हणालं, भुस्कुटे उभा राहतोय. कुणी म्हणालं, शक्तिवर्धक काढ्याची एजन्सी घेतली असणार, आधी अंगं दुखवायची आणि मग बाटल्या काढायच्या. पहिल्या दिवशी मैदान, म्हणजे शेत, भरून गेलं ते त्यामुळे. व्यायामाला कुणीच आलं नव्हतं. मी हे का करतोय ते बघायला सगळे आले होते. विश्रामकाका तर मफलर गुंडाळून, घरून घडीची खुर्ची घेऊन आले आणि कडेला साक्षीदारासारखे बसले.

आता पोशाखाचा प्रश्न निघाला. मी खाकी अर्धी चड्डी सुचवली, तर निम्मे लोक गप्प झाले आणि उरलेले माझ्याकडे रोखून बघायला लागले. पांढरी टोपी म्हणावं तर एका पक्षाची, तांबडा सदरा म्हणावा तर दुसऱ्या पक्षाचा, आणि काळ्या टोपीचं तर नावच काढायची सोय नव्हती. त्या वर्षी महाराष्ट्रात अंगावर घालण्यासारखा एकही रंग निष्पाप उरला नव्हता. शेवटी ज्याच्या घरी जो असेल तो पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घालून यावं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी आम्ही रांगेत उभे राहिलो तेव्हा ठाण्याच्या तुरुंगातून कैदी काम करायला आणल्यासारखे दिसत होतो, आणि खुर्चीवरचे विश्रामकाका जेलरसारखे.

'एक-दोन-तीन-चार'ला मंडळी आठवड्याभरात कंटाळली. व्यायामात काहीतरी अर्थ हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. तो अर्थ मला स्टेशनाबाहेरच्या भिंतीवर सापडला. 'अधिक धान्य पिकवा' असं लिहिलेलं सरकारी चित्र होतं. त्यातला शेतकरी इतका सुदृढ आणि आनंदी होता की आमच्या भागात तसा शेतकरी मी कधी पाहिला नव्हता. ठिणगी पडली! मी त्या दिवशी ऑफिसात साहेबांच्या डोळ्यांदेखत व्यायामाची संपूर्ण शेतकी आवृत्ती मनात रचली. पाय रोवून दोन्ही मुठी पुढे दाबायच्या, ती नांगरट. एक हात झुलवत चालायचं, ती पेरणी. कमरेत वाकून मागे मागे सरकायचं, ती लावणी. मग खुरपणी, कापणी, झोडणी. आणि शेवटी, श्वास घेत हात वरखाली करायचे ती पाखडणी. शेताएवढ्या जागेत आम्ही अख्खा हंगाम पाऊण तासात उरकायचो.

पण केवळ शरीर हलवून भागत नाही, मनही हललं पाहिजे. म्हणून शेवटी मी छोटंसं स्फूर्तिपर भाषण करायचो. "बंधूंनो, आपलं शरीर हे आपलं शेत आहे! आळशी माणसाचं शेत पडीक राहतं. ज्याने घाम गाळला त्याचंच ते झालं. बोला, शेत कुणाचं?"

आणि सगळे एका सुरात ओरडायचे, "कसेल त्याचं!"

"मोठ्याने! शेत कुणाचं?"

"कसेल त्याचं!"

ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसचा भोंगाही त्यापुढे लाजायचा. हे ब्रीदवाक्य मला प्रवासात, डब्यात टेकायला जागा नसताना सुचलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. त्याच वर्षी कुळकायद्यात दुरुस्ती होऊन, येत्या एप्रिलपासून कसेल त्याची जमीन होणार म्हणून अख्ख्या ठाणे जिल्ह्यातले मालक आणि कुळं एकमेकांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते, हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. वाचून बाजूला ठेवलं होतं. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा माणूस. जमिनीचा आणि माझा संबंध कुंडीतल्या तुळशीपुरता.

बांधावर रोज एक माणूस येऊन बसायचा. गुडघ्यांभोवती हात, डोक्याला फडकं, नजर आमच्यावर. मला वाटलं, कौतुकाने बघतोय. म्हणून एक दिवस मीच पुढे होऊन म्हटलं, "या की तुम्हीही!"

तो उठला. सावकाश चालत आला. हा महिपत भोईर, ते शेत कसणारा पाथर्लीचा आगरी. त्याच्या बोलीत 'अहो' हा शब्दच नव्हता, त्यामुळे तो कलेक्टरलाही 'अरे' म्हणाला असता. हे नंतर कळलं. त्या वेळी मात्र माझा अपमान झाला.

"मास्तर, यो काय करतंस?"

"व्यायाम."

"माजे शेतान?"

"शेतात असं नाही," मी हसून म्हटलं. "आमचं सगळं हवेतच असतं."

"हवा कोनाचे शेतावरची?"

महिपतने आमच्या रांगेवरून नजर फिरवली. "सकालपारी येतंस, नांगरतंस, पेरतंस, कापतंस. वरती बोंबलतंस, कसंल त्याचा. धा-पंदरा शिकलेली मानसा साक्षीला. मी येडा हाय?"

मी त्याला शरीर, शेत, रूपक वगैरे समजावून सांगितलं. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "शरीर तुजा हाय ना? मंग तुजे घरान नांगर." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या रांगेच्या जागी त्याचे दोन बैल बांधलेले होते. आम्ही बैलांच्या पलीकडे रांग केली. तिसऱ्या दिवशी महिपतच्या बायकोने, रंगूबाईने, पलीकडच्या जागेवर शेणी थापून वाळत घातल्या. आम्ही शेणींच्या मधून पेरणी केली. त्यात एका पोस्टातल्या सभासदाचा लेंगा कायमचा गेला. बैल आणि शेणी यांच्या बेचक्यात आमचा उपक्रम रोज बोटभर सरकत होता. माझा स्वाभिमानही आता हट्टाला पेटला होता. शेतकऱ्याचा मान वाढावा म्हणून आम्ही घाम गाळतोय आणि शेतकरीच आमच्या पायांखाली शेण सारतोय, हे मला फार लागलं.

त्यातच एका सकाळी, ऐन कापणीला, हवालदार तानाजीराव हजर झाले. गृहस्थ सभ्य होते. आमची पाखडणी होईपर्यंत सायकलला टेकून थांबले, मग खिशातून पेन्सिल काढली.

"आपण मगाशी 'विळा उचला' असं ओरडलात."

"हो."

"विळे कुठायत?"

"विळे नाहीत. कल्पना करायची असते."

"म्हणजे विळे लपवलेत?"

"नाहीतच, तर लपवू कसे?"

"बरं. किती जणांनी कल्पना केली?" त्यांनी पेन्सिल जिभेला लावली.

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी. मग विळ्याने काय कापलं?"

"भात."

"कुणाचं?"

"कुणाचंच नाही हो! हवेतलं."

"म्हणजे मालक माहीत नसताना कापलं," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं. "आणि हातोडा?"

"हातोडा कशाला? भाताला हातोडा लागतो का?"

"ते आम्ही ठरवू. विळा म्हटलं की हातोडा विचारायचा, असं वरून आहे." मग जरा खाजगी आवाजात म्हणाले, "साहेब, दिवस कसे आहेत बघताय ना? चळवळ काय, मोर्चे काय. चार माणसं एकत्र दिसली की आम्हाला जाब द्यावा लागतो. जागेची परवानगी असली तर दाखवा, मी सुटलो आणि तुम्हीही सुटलात."

परवानगी नव्हती. पोलिसांना कुणी कळवलं, हे त्यांनी सांगितलं नाही. मला विश्रामकाकांचा दाट संशय आला. काकांना माझा आला होता, की मी चौकशीत त्यांचं नाव घेणार. त्यामुळे चार दिवस आम्ही जिन्यात एकमेकांना फार आदराने नमस्कार करत होतो.

चौकशी केल्यावर कळलं की सात-बाराला मालक म्हणून नाव कल्याणच्या सुधीर वैशंपायन वकिलांचं आहे. रविवारी मी कोट घालून, बटण न लावता, त्यांच्याकडे गेलो. मनात म्हटलं, हा आता हाकलून देणार. पण काय सांगू! तरुण, गोरेगोमटे वकील स्वतः दारापर्यंत आले. मला बसवलं, वेलदोड्याची कॉफी आणवली. माझी सगळी हकिगत त्यांनी इतकी मन लावून ऐकली की तशी ती सुमतीनेही कधी ऐकली नव्हती.

"वा! वा, भुस्कुटेसाहेब!" ते म्हणाले. "अशी माणसं समाजात हवीत. परवानगी कसली मागता? मैदान तुमचंच समजा."

"पण तो महिपत..."

"तो अडाणी आहे. तुम्ही लक्ष देऊ नका. उलट मी म्हणतो, व्यायाम वाढवा. संध्याकाळीही घ्या. मैदानावर एखादी पाटी हवी, नाही का?"

पाटी आली. सुतार घेऊन आले आणि शेताच्या तोंडाशी रोवून गेले. 'व्यायाम मैदान. संचालक : श्री. श्रीपाद भुस्कुटे.' माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत लग्नपत्रिकेवरही नव्हतं. मी सुमतीला मुद्दाम तिकडून फिरायला नेलं. तिने पाटी वाचली, पदर खांद्यावर घेतला आणि विचारलं, "जागा त्यांची, पाटी त्यांची, खर्च त्यांचा. मग त्यांचं नाव कुठाय?"

"मोठी माणसं नावासाठी करत नाहीत."

"वकील आहेत ना?" एवढंच म्हणून ती चालायला लागली.

विश्रामकाका पाटीसमोर खुर्ची मांडून बसले. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा पुन्हा वाचली. मग मला हाताला धरून बाजूला घेतलं. "भुस्कुटे, शेत असेल तर कायद्याने ते कुळाला मिळतं. मैदानाला कुळ नसतं. कळतंय का? हे शेत आहे की मैदान, याची पाहणी होईल तेव्हा पंधरा लेंगे आणि तुमची पाटी यांच्याकडे बोट दाखवून तो वकील मोकळा होईल. त्याने एवढ्या लोकांत फक्त तुम्हालाच संचालक केलं, ते तुमच्या अंगकाठीवरून नव्हे."

मला वाटलं, म्हातारा जळतोय. पाटीवर त्याचं नाव नाही म्हणून. इतके दिवस मी दूधवाल्यावर, शेजाऱ्यांवर, हवालदारावर, महिपतवर संशय घेत आलो होतो. ज्या एका माणसाने मला कॉफी दिली आणि साहेब म्हटलं, त्याच्यावर संशय घ्यायचं मात्र माझ्या मनाला फार जड गेलं.

पाहणीची तारीख लागली. मामलेदार कचेरीतले साहेब येणार होते. आदल्या रविवारी वकील आमच्या बिऱ्हाडी स्वतः आले. सुमतीच्या हातचे पोहे खाल्ले. "त्या दिवशी जोरदार प्रात्यक्षिक करा," ते म्हणाले. "साहेबांनी विचारलंच, तर मैदान पूर्वीपासून आहे एवढं म्हणा. वर्ष वगैरे सांगायची गरज नाही. पूर्वीपासून हा शब्द फार चांगला आहे, त्याला तारीख नसते. आणि हे काम मार्गी लागलं की तिथे पक्कं बांधकाम करू. भुस्कुटे व्यायाममंदिर. दगडावर कोरलेलं."

ते गेल्यावर पोह्यांची ताटली उचलत सुमती म्हणाली, "पूर्वीपासून म्हणजे कधीपासून? दिवाळीत बटण लागेना तेव्हापासून ना?"

मला डोळ्यांसमोर दगड दिसत होता. कोरलेला.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून घरी आलो, तर महिपत आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेला. वर ये म्हटलं तर आला नाही. भांडायलाही आला नव्हता. आवाज खाली होता.

"मास्तर, तू सरकारी मानूस हायस?"

"नाही. खाजगी कंपनीत कारकून आहे."

"मंग तुजा नाव माजे शेतान कसा लागला?"

उत्तराची वाट न बघता तो पुढे म्हणाला, "माजा बा त्या बांधावं बसून भाकर खायाचा. त्याचा बा पन तिथंच. तुजा बा कवा आल्ता?"

माझे वडील पेणला शाळामास्तर होते. त्यांना डोंबिवली कुठे आहे हेही नीट माहीत नव्हतं. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, जणू त्याला हवं असलेलं सगळं मिळालं होतं. डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि अंधार पडायच्या आत निघून गेला. त्याच्या पाठमोऱ्या अंगाकडे बघताना मला पहिल्यांदाच असं वाटलं, की ह्या सगळ्या प्रकरणात संशयास्पद माणूस एकच आहे, आणि त्याच्या कोटाचं बटण लागत नाही.

पाहणीच्या दिवशी वकिलांनी पताका लावल्या होत्या. फोटोग्राफर आणला होता. चाळ लोटली होती. एका बाजूला महिपत, रंगूबाई आणि पाथर्लीची माणसं गपचूप उभी. साहेब आले ते दमलेले, डोळ्यांना काळा चष्मा, सोबत पट्टेवाला. त्यांनी पाटी वाचली, पताका बघितल्या आणि मला विचारलं, "कुठल्या पक्षातर्फे उभे आहात?"

"मी फक्त व्यायामाला उभा आहे."

"सगळे सुरुवातीला तसंच म्हणतात," ते म्हणाले. "करा तुमचं."

मी शिट्टी फुंकली. नांगरट झाली. पेरणी झाली. फोटोग्राफर पुढे सरकला. मग लावणी. सगळे कमरेत वाकले, मीही वाकलो, आणि माझ्या कमरेत काहीतरी खटकन झालं. सगळे सरळ उभे राहिले. मी राहिलो नाही. मला वाटलं, जरा दम खाऊन उठू. पण कमरेने साफ नकार दिला होता. उसण भरली ती अशी की मी काटकोनात गोठून गेलो. मला आता जग म्हणून फक्त माझी पावलं आणि त्यांच्या आजूबाजूची थोडी जमीन दिसत होती.

नेमका त्याच क्षणी साहेबांचा आवाज डोक्यावर आला. "संचालक कोण? हां, आपण. हे मैदान किती वर्षांपासून आहे?"

"पूर्वीपासून," वकिलांचा मऊ आवाज आला. "भुस्कुटेसाहेब सांगतीलच."

"त्यांनाच सांगू दे. आणि जरा उभे राहून सांगा."

"उभं राहता येत नाही, साहेब. उसण भरलीय," मी जमिनीला सांगितलं.

लोक हसले. कुणीतरी 'साहेबांच्या पाया पडतोय' असं म्हणालं. माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा समारंभ, नावाची पाटी, फोटोग्राफर, आणि मी असा, पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याची पाठ आकाशाकडे करून. डोळ्यांत पाणी आलं, ते कमरेमुळे का कशामुळे ते माहीत नाही. आणि त्या पाण्यातून मला समोरची जमीन दिसली. इतके महिने तिच्यावर उड्या मारत होतो, पण बघितली कधीच नव्हती. भाताची धसकटं होती, आमच्या पायांनी चेपलेली, काही मोडलेली. पण ओळीत होती. एका हाताने, एका अंतराने, वाकून लावलेल्या ओळी.

"साहेब," मी म्हटलं, "मी दिवाळीनंतर आलो. त्याआधी इथे मैदान नव्हतं. भात होतं. ते महिपतने कापून नेताना मी गॅलरीतून पाहिलंय. मला मान वर करता येत नाही, पण इथे खाली त्याची धसकटं अजून आहेत. ती ओळीत आहेत. मैदानात भात असं ओळीत येत नाही. आम्ही आगंतुक आहोत. पाटी आत्ताची आहे, तिचा रंगही वाळला नसेल."

कुणीच हसलं नाही. साहेबांचे बूट माझ्या नजरेच्या चौकटीत आले. मग साहेबांचे गुडघे आले, आणि मग काळा चष्मा हातात घेतलेले स्वतः साहेब. माझ्याइतकेच वाकून त्यांनी ओळी पाहिल्या. नखाने एक धसकट उकरलं.

"भुस्कुटेसाहेब, जरा विचार करून बोला," वकील म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता. "व्यायाममंदिराचं आपलं ठरलंय."

"त्यांना बोलू दे," साहेब म्हणाले. मग पट्टेवाल्याला हाक मारून म्हणाले, "लिही. शेत." आणि चालू लागले.

मला घरी न्यायचा प्रश्न होता. माझे सभासद पुढे यायच्या आत महिपत आणि त्याच्या दोन माणसांनी मला तसाच, खुर्ची उचलावी तसा उचलला. उघड्या बैलगाडीत मी मावेना, कारण कुठल्याही बाजूने ठेवला तरी एक टोक वर राहायचं. शेवटी काटकोनातच मला चाळीपर्यंत वाहून आणलं. जिन्यात विश्रामकाका म्हणाले, "भुस्कुटे, जबानी उत्तम झाली. फक्त साक्षीदाराने कोर्टाकडे तोंड करावं असा संकेत आहे."

सुमतीने आठवडाभर कमरेला तेल चोळलं. एकदा चोळता चोळता ती म्हणाली, "खरं सांगायला माणसाला इतकं वाकावं लागतं?"

"उभ्याने जमलं असतं का, कुणास ठाऊक," मी उशीत तोंड खुपसून म्हटलं. तिने तेलाचा हात जरा हलका केला.

व्यायाम बंद पडला. पाटी एका सकाळी वकिलांची माणसं येऊन उपटून घेऊन गेली. चाळीत मात्र नवीनच सुरू झालं. भुस्कुटे वकिलाच्या विरुद्ध गेला म्हणजे महिपतकडून त्याला नक्की काय मिळालं? कुणी म्हणे भात, कुणी म्हणे जमिनीचा तुकडा. काहीच मिळालं नाही, असं मी सांगितलं. अनुभव असूनही तेच सांगितलं. लोक अर्थपूर्ण हसले. पुढे कित्येक दिवस, आमच्याकडे भात शिजला की शेजारीण वास घेऊन विचारायची, "कुठला हो तांदूळ? नवा दिसतोय."

उन्हाळ्यात बातमी आली की जमीन महिपतकडेच राहिली. पहिला पाऊस पडून गेल्यावर एका रविवारी मी मुद्दाम तिकडे फिरायला गेलो. कमर सुधारली होती, पोट होतं तसंच होतं. शेतात महिपत नांगरत होता. मला बघून त्याने बैल थांबवले. कपाळावरचा घाम पुसला.

"मास्तर, तू व्हतास म्हनून," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण त्याचा आवाज असा होता की मला बरं वाटलं. इतके महिने कुणीही माझ्याशी आडपडदा न ठेवता बोललं नव्हतं. मी भारावून बांध ओलांडायला एक पाय उचलला.

"तिथंच!" महिपत ओरडला.

"अरे, मी सहज..."

"तू देवमानूस हायस. रंगू पन तसाच बोलतंय. पन बांधावं उभा र्‍हा."

मी पाय मागे घेतला. हवा छान होती, अंग मोकळं करावंसं वाटत होतं. म्हणून बांधावरच उभा राहून मी हात दोन वेळा वर नेले, बाजूला घेतले. महिपत नांगरावर हात टेकून बघत राहिला. मी वाकायला लागलो तसा म्हणाला, "वर कर, बाजूला कर, काय पन कर, मास्तर. खाली जमिनीला हात लावू नको."

मी हात खिशात घातले. मी बांध उतरून रस्त्याला लागेपर्यंत त्याने बैल हलवले नाहीत.